मादीचे डोळे

"अजून किती जवळ जाता येईल, दाजी?"

"इथवरच."

"पण इथून तिचा डोळा दिसत नाही."

"तिला आपला दिसतो..."

दाजी तारी हे खाडीवरचे जुने नावाडी. समुद्रगरुडाच्या एका जोडीवर ते एकोणीस वर्षं नजर ठेवून होते. पक्ष्यांचे फोटो काढणारे लांबून लांबून त्यांच्याकडे शिकायला येत. कौस्तुभ टिपणीसही आला होता. त्याचं नाव मोठं होतं, आणि ते त्याला ठाऊक होतं.

तीन दिवस तो दाजींशेजारी खडकावर बसून राहिला. चौथ्या दिवशी दुपारी दाजी जेवायला घरी गेले आणि कौस्तुभ कडा चढला.

कड्याखालच्या सातविणीच्या झाडावर, आता त्याच्यापासून वीसेक फुटांवर, घरटं होतं.

मादी उडाली. त्याच्या डोक्यावर ओरडत घिरट्या घालू लागली. एकदा तर थेट अंगावर आली, आणि नेमका तोच क्षण त्याला मिळाला. दोन्ही डोळे, लख्ख. त्याला वेळेचं भानच राहिलं नाही.

घरट्यात पांढऱ्या लवीचं पिल्लू उन्हात चोच वासून पडलं होतं.

मादीचा आवाज दाजींनी घरात ऐकला. भरल्या ताटावरून उठून ते कडा चढून आले. कौस्तुभचा दंड धरून त्याला खाली आणलं, जुन्या जागी खडकावर बसवलं. त्याच्या डोक्यावरची टोपी काढून घेतली. मग स्वतःच्या डोक्याचा पंचाही सोडला.

"किती वेळ बसायचं?"

"ती परत बसेपर्यंत."

खडक तापला होता. कौस्तुभची मान भाजू लागली. शेजारी दाजींचं टक्कल लाल होत चाललं होतं, त्याला तिकडे बघवेना.

"दाजी, तुम्ही तरी सावलीत जा."

दाजी हलले नाहीत.

ती आकाशात फिरतच होती. एकदा खाली आली, आणि पुन्हा वर गेली...

तासाभराने ती उतरली. पंख अर्धवट पसरून पिल्लावर सावली धरून उभी राहिली.

बराच वेळ घरट्यात काही हललं नाही. दाजींचे ओठ पुटपुटत होते.

मग पंखाखालून एक पांढरी मान थरथरत वर आली.

कौस्तुभला रडू फुटलं. कॅमेरा मांडीवरच होता. हात त्याच्याकडे गेला नाही.

काजूच्या सावलीत आल्यावर त्याने तो फोटो दाजींपुढे धरला. दोन डोळे, रोखून बघणारे. त्यांत राग होता. रागाच्या मागे भीती होती.

दाजी कितीतरी वेळ बघत राहिले...

"पुसून टाकतो, दाजी."

दाजींनी कॅमेरा हलकेच त्याच्याकडे सरकवला.

"राहू दे. तिला तुम्ही कसे दिसलात, ते यात आहे. तुमचा इतका खरा फोटो दुसरं कुणी काढणार नाही."