पाण्याला न विचारता काढलेली बाव

फार वर्षांपूर्वीची गोष्ट. किती वर्षं ते विचारू नका. माझ्या आजेसासूला तिच्या आजेसासूने सांगितली, पुढची बोटं तुमची तुम्ही मोजा. तेव्हा आमच्या वेळसुऱ्यात धाकू नावाचा पाणाड्या होता. पाणाड्या म्हणजे जमिनीखालचं पाणी ओळखणारा. बाकीचे पाणाडे हातात काटकी धरतात, नारळ धरतात. धाकू नुसता पालथा पडायचा आणि भुईला कान लावायचा. तीन पुरुष खोल वाहणारं पाणी त्याला ऐकू यायचं, आणि ते गोडं की मचूळ तेही कळायचं, असं म्हणतात.

आमचं पडलं कोकणातलं गाव. एक घर इथं, दुसरं पार त्या आगरापलीकडे, मध्ये माड नि पोफळी. धाकूने घरोघर विहीर काढून दिली. विहिरीला आम्ही बाव म्हणतो. कुणाच्या बाईमाणसाला पाण्यासाठी परसाबाहेर पाऊल टाकायला लागू नये, हा त्याचा ध्यास.

एकदा तो नारळ विकायला घाट चढून माणदेशाकडे गेला. भर उन्हाळा, वाटेत पाण्याचा टिपूस नाही. एका गावाशी घेरी येऊन पडला. तिथल्या एका गरीब माणसाने घरातलं शेवटचं तांब्याभर पाणी त्याच्या तोंडाला लावलं. तो तांब्या घेऊन धावत आली होती त्याची लेक, हौसा. धाकूचे डोळे भरून आले. तो म्हणाला, "पाव्हणं, ही पोर माझ्या लेकाला, गणूला द्या. पाण्यासाठी हिला जन्मात उंबरठा ओलांडावा लागणार नाही, हा माझा शब्द." बापाला आणखी काय हवं? लग्न लागलं.

आणि धाकू शब्दाला जागला. कसा जागला ते ऐका! स्वयंपाकघराच्या मागच्या दाराला लागूनच त्याने नवी बाव खोदली. चुलीपुढून उठलं की दोन पावलांवर रहाट. सगळं वेळसुरं म्हणालं, "नशीब काढलंन पोरीने!"

जळलं मेलं ते नशीब. तीन महिन्यांत हौसा सुकून गेली. सासू भागी तशी तोंडाची फटकळ, पण मनाने चांगली. तिने काही कमी केलं नाही. माशाचं कालवण केलं, कुळथाचं पिठलं केलं, शेजारच्या गावातून मुद्दाम बाजरी मागवून भाकरी थापली. हौसा दोन घास खायची आणि ताट सारायची. दृष्ट काढून झाली, अंगारा झाला. शेवटी वैदू म्हणाला, "दुखणं काही सापडत नाही. पण अशीच राहिली तर पावसाळा काढायची नाही."

धाकूला एकच लागून राहिलं. लोकाची लेक आपण शब्द देऊन आणली, आणि आता ती आपल्याच दारात मरणार!

पाणाड्याच तो. त्याला जगातल्या सगळ्या दुखण्यांचं मूळ पाण्यातच दिसायचं. इथलं पाणी हिला मानवत नाही, असं त्याने ठरवलं. खांद्यावर रिकामी कळशी घेतली आणि हौसाच्या माहेरचं पाणी आणायला निघाला. पाच दिवसांची वाट त्याने दोन दिवसांत तोडली, असं म्हणतात.

पोचला तेव्हा नुकतं उजाडलं होतं. गावाबाहेरच्या एकुलत्या एका विहिरीवर सगळ्या बाया जमलेल्या. पाणी म्हणावं तर वाटीभर. झरा इतका बारीक, की एक घागर भरून झाली की दुसरीला थांबायचं. आणि त्या थांबण्यात काय चाललेलं! एक सासूची नक्कल करतेय, एक बाळाचा पहिला दात दाखवतेय, दोघी कडाकडा भांडतायत, आणि त्यांच्याच शेजारी एक रडतेय, तिची पाठ तिसरीच कुणी चोळतेय. धाकू बघतच राहिला.

त्याला ओळखल्याबरोबर सगळ्यांनी गराडा घातला. "आमची हौसा कशी हाय?" "तिकडं कुणासंगं बोलती?" एका म्हातारीने विचारलं, "आन् हसताना अजून पदर तोंडात कोंबती का वो?"

हौसाला हसताना धाकूने कधी पाहिलंच नव्हतं.

त्याने उलट विचारलं, "म्हातारे, एवढंसं पाणी तुमचं, तरी एवढं बोलता, हसता कशाला?"

"अरं लेकरा, घागर भरंस्तवर बोलायचं न्हाय, तर काय हिरीचं तोंड बघत बसायचं?"

कळशी तिथंच ठेवून धाकू परत फिरला. घरी आल्या आल्या सुनेला म्हणाला, "पोरी, तुला विहीर लांब हवी होती काय गो?"

हौसा म्हणाली, "मामंजी, पानी वाहायची हौस कुनाला असती? मान मोडायची माजी. पर तितं..." आल्यापासून पहिल्यांदा ती घळाघळा रडली. भागीही रडली, आणि रडता रडता नवऱ्यालाच शिव्या घालत होती.

दुसऱ्या दिवशी धाकूने पहार उचलली. गावातल्या सात वाड्यांच्या पायवाटा जिथं मिळतात, तिथं मधोमध घाव घातला. खाली नुसता कातळ. भुईला कान लावला नाही की काही नाही. आयुष्यात पहिल्यांदा त्याने पाण्याला न विचारता माणसांच्या पावलांना विचारून जागा धरली. गाव म्हणालं, "धाकूला चळ लागला! अरे, लोक पाणी जवळ आणतात, हा लांब नेतोय. तेही नसलेलं!"

एकोणीस दिवस तो खोदत होता. नको म्हटलं तरी हौसा मातीच्या पाट्या वाहत होती. आधी बाया मजा बघायला आल्या. मग भाकरी घेऊन आल्या. मग बसायला लागल्या, आणि बसल्या की तोंडं काय बंद राहतात? विसाव्या दिवशी भागी खड्ड्यात डोकावून ओरडली, "अहो, पाताळ लागलं तर तिथंच राहा, मी जेवण सोडते दोरीने!" बाया खो खो हसल्या. आणि हौसाही हसली. पदर तोंडात कोंबून हसली, पण कोंबून ते हसू राहतंय होय! ते हसू खड्ड्यात पडलं आणि कातळ तडकला. पाणी असं उसळलं, की धाकूला दोरीने वर ओढेपर्यंत तो गळ्याइतका बुडाला होता, असं म्हणतात.

त्या बावीची खोड अशी, की एकटी बाई गेली तर पोहरा अर्धाच भरून येतो. दोघी गेल्या की काठोकाठ. खोटं वाटत असेल तर जाऊन बघा, मी काय अडवलंय? हौसाने पुढे नातवंडं पाहिली. धाकू म्हातारा होऊन गेला, पण लोक अजून त्याला धाकूबा म्हणतात.

आता घरोघर नळ आलेत. पाण्यासाठी बावीवर कुणी जात नाही. पण गावात नवी सून आली, की सगळ्या बाया तिला धाकूबाच्या बावीवर नेतात. ओटी भरतात, आणि धाकूबाचं नाव घेऊन एकच गोष्ट विचारतात: "तुमच्या गावात बाया कुठं बसायच्या गो?" तिने जे सांगितलं असेल ते गावाने करायचं. एकीने सांगितलं वडाचा पार, तर वडाखाली दगड मांडले. एक चाळीतली आली, ती म्हणाली जिना. झालं, आम्ही वर्षभर शाळेच्या जिन्यावर बसलो, गुरुजी ओरडले तरी.

गेल्या साली तर पार बंगालकडची सून आली. मराठीचं अक्षर येत नव्हतं. आम्ही विचारलं, खुणा केल्या, ती नुसती बघत राहिली. मग खाली बसून तिने ओल्या मातीत बोटाने एक तळं काढलं. तळ्याला पायऱ्या काढल्या. पायऱ्यांवर बारीक बारीक टिंबं काढत गेली, एक, दोन, पाच, सात. शेवटच्या टिंबावर बोट ठेवलं आणि म्हणाली, "मा."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी देवळामागच्या तळ्याच्या पायऱ्या आम्ही घासून काढल्या. सात जणी जाऊन बसलो, आणि तिच्या शेजारी, आईच्या जागी, भागीच्या घराण्यातली सगळ्यात थोरली बाई बसवली.