हौसाबाई जेवतात कधी?

"म्हणजे पोट पुन्हा उघडायचंच नाही, असं म्हणताय तुम्ही?"

कौस्तुभनं दिव्यासमोर लावलेली स्कॅनची फिल्म काढली. काढली कसली, खेचलीच.

पाटोळे सर चष्मा पुसत होते. घाई नसली की ते चष्मा पुसतात, आणि मी त्यांना घाईत कधी पाहिलेलं नाही.

"उघडून काय बघणार?" सरांनी विचारलं.

"जोड बघणार. आतडं कुठेतरी पिळलं असणार. स्कॅनमध्ये दिसत नाही, पण असणार. नाहीतर बाई अशा वाळल्या कशानं?"

"आत दुर्बीण कुणी घातली?"

"मीच."

"जोड कसा दिसला?"

"मोकळा." कौस्तुभचा आवाज जरा खाली आला. "पण सर..."

सर पुन्हा चष्मा पुसायला लागले.

मी या दोघांच्या पेशंटना भूल देते. सर्जन लोकांचा तोरा उभा जन्म डोळ्यांदेखत पाहिलाय मी, त्यामुळे कौस्तुभ सबनीसचं मला नवल नव्हतं. पोरगा मुंबईहून शिकून आलेला, हात देखणा, आणि हात देखणा आहे हे त्याला पक्कं ठाऊक. ते त्यानं आम्हाला विसरूही दिलं नाही कधी.

पेशंट होत्या हौसाबाई मगदूम. सीमाभागातल्या एका खेड्यातल्या, पन्नाशीच्या. जठराचा कॅन्सर. आधी केमो दिली, गाठ आटवली, मग कौस्तुभनं अख्खं जठर काढलं आणि अन्ननलिका सरळ आतड्याला जोडली. सर समोर मदतीला उभे होते, पण हात सगळा त्याचा. खरं सांगते, बघत राहावं असं काम केलं पोरानं. कापलेल्या कडा तपासणीत स्वच्छ आल्या. भोवतालच्या गाठी खरवडून काढल्या होत्या, त्यातल्या एकीतही कॅन्सर निघाला नाही.

उरलेली केमो तेवढी अंगी लागली, तर बाई यातून सुटतील अशी आम्हा सगळ्यांना आशा होती.

आणि इथंच घोडं अडलं. बाईंचं वजन उतरत चाललं. दर खेपेला ब्लाउज आणखी सैल. केमो देणाऱ्या डॉक्टरांनी शेवटी सांगून टाकलं, या अंगात औषध सोसायची ताकद नाही, आधी वजन आणा. वजन काही येईना. कॅन्सर गेला होता आणि बाईही जायच्या बेतात होत्या.

"मी तुम्हाला लिहून देतो, सर," कौस्तुभ म्हणाला, "आत काहीतरी अडकलंय. त्यांची स्वतःची तर काही तक्रारच नाही. दर वेळी विचारतो मी. जेवता का? जेवते. काही त्रास? काही नाही. एवढ्या गुणी पेशंट आहेत. मग दोष आतच असणार ना?"

"जेवतात कधी त्या?"

"कधी म्हणजे?"

"कधी म्हणजे कधी."

"मी सांगितलंय ना, सर. सोडताना नीट बसवून सांगितलं. जठर नाही, एका वेळी फार मावणार नाही. दर दोन तासांनी थोडं थोडं, चावून, सावकाश. चित्र काढून दाखवलं."

"कुणाला?"

"त्यांच्या मिस्टरांना. त्याही होत्या तिथे."

सरांनी चष्मा डोळ्यांवर चढवला. "चल, जेवू या. भूक लागली."

मला वाटलं, विषय संपला. कौस्तुभलाही तेच वाटलं असावं, कारण त्याचं तोंड पडलं.

ओपीडीच्या मागे एक खोली आहे. मोठं टेबल, चार खुर्च्या आणि सरांचा डबा. सरांनी शिपायाला बाहेर पाठवलं आणि मगदूम नवराबायकोला आत बोलावून घेतलं.

"तात्यासाहेब, घरनं भाकरी बांधून आणलीय ना?"

"व्हय जी. वाटंत खायला म्हणून..." तात्यासाहेब मगदूम पंचावन्न-साठीचे, हाडापेरानं मजबूत, डॉक्टरच्या खोलीत आले की अंग चोरून बसायचे.

"सोडा मग. आज सगळे एकत्र बसू."

त्यांनी फडकं सोडलं. जोंधळ्याच्या भाकरी, वांग्याची भाजी, शेंगदाण्याची चटणी, दह्याचा डबा. सरांनी आपला वरणभात मध्ये ठेवला. मग दंडावर बाही सारून नेहमीचं इन्सुलिन टोचून घेतलं. सरांना साखर आहे, जुनी. टोचलं की लगेच खावं लागतं, नाहीतर घाम फुटून माणूस आडवा होतो. हे त्यांनी आयुष्यभर पेशंटना सांगितलंय.

हौसाबाईंनी कुणी न सांगता ताटल्या मांडल्या. पदर खोचला आणि वाढायला लागल्या.

तात्यासाहेब जेवायला लागले. मीही. कौस्तुभ आधी नको नको म्हणाला, मग चटणीची चव घेतली आणि त्याचं नको बंद झालं. एका हातानं भाकरी मोडत तो सरांना आतडं कसकसं पिळू शकतं ते समजावत होता. बाई मागनं येऊन भाकरी ठेवत होत्या. तो खात होता. ताटली रिकामी दिसली की बाई पुन्हा हजर.

"घ्या की डाक्टर, लाजू नगा."

"बास, बास... बरं, अर्धी."

अर्धी कसली, बाईंनी अख्खीच ठेवली.

सरांनी भाकरी मोडून ठेवली होती. तोंडाकडे नेली नव्हती.

"कौस्तुभ," ते म्हणाले, "पेशंट कुठाय?"

"काय?"

"तुझी पेशंट. कुठाय?"

कौस्तुभनं मान वळवली. हौसाबाई त्याच्या खुर्चीमागे दह्याचा डबा घेऊन उभ्या होत्या.

"या काय, इथेच आहेत."

"काय खाल्लं त्यांनी?"

...

पोराच्या हातातला घास हातातच राहिला.

"हौसाबाई," तो म्हणाला, आणि पहिल्यांदाच मला त्याच्या आवाजात डॉक्टर ऐकू आला नाही, "तुम्ही... घरी कधी जेवता?"

"जेवते की. ह्यांचं झाल्यावर."

"यांचं झाल्यावर लगेच?"

"लगेच कसं? आत्याबाईंचं, म्हंजे सासूबाईंचं हुतंय, पोरांचं हुतंय, शेतातनं गडी येत्यात. समदं आवरलं की बसते."

"आणि दर दोन तासांनी?"

बाई हसल्या. अगदी गोड हसल्या. "दर दोन तासानं कोण जेवतंय ओ, डाक्टर? चूल काय माझ्या एकटीसाठी पेटतीया?"

"मग एकदम जेवता? सगळं?"

"बसले की उरलंसुरलं घेते. जरा घाम येतोय, छातीत धडधडतंय, मग पडते घटकाभर. कधी उलटून पडतंय. पर त्ये काय, पडलं की बरं वाटतंय."

"हे मला सांगितलं का नाही तुम्ही?" कौस्तुभ जवळजवळ ओरडलाच. "दर वेळी विचारलं मी. काही त्रास आहे का? नाही म्हणालात."

"ह्यो तरास व्हय?" बाईंना खरंच आश्चर्य वाटलं.

तात्यासाहेबांनी ताटली पुढे सरकवली. त्यांचं जेवण संपलेलं होतं आणि ते आता कुणाकडेच बघत नव्हते.

"मी सांगिटलं हिला घरी," ते हळू म्हणाले. "डाक्टरनं असं असं सांगिटलंय म्हणून. बरं म्हणाली. मग मी रानात गेलो."

कौस्तुभनं खुर्ची मागे सारली. "ठीक आहे. हौसाबाई, बसा इथे. आत्ता. आणि खा."

"तुमचं हू द्या की. मोठ्या डाक्टरांनी तर घासबी न्हाई घेतला अजून."

"त्यांचं ते बघतील. तुम्ही बसा."

"न्हाई बाई. मोठं डाक्टर जेवल्याबिगर मी कशी..."

त्यानं समजावलं. एकदम खाल्लं की सगळं थेट आतड्यात कसं पडतं, त्यानंच घाम आणि धडधड कशी होते ते सांगितलं, वजनाचं सांगितलं, केमोचं सांगितलं. चांगलं सांगितलं, हं. मला अर्धं नवीन होतं. बाई मान हलवत होत्या आणि उभ्याच होत्या.

कौस्तुभनं सरांकडे पाहिलं.

सरांनी आपली ताटली उचलली आणि टेबलाच्या दुसऱ्या टोकाला ठेवून दिली. मग हात मांडीवर घेतले.

"मी थांबतो," ते म्हणाले.

"कशासाठी?" मी विचारलं. मला आता काळजी लागली होती.

"हौसाबाईंचं होऊ दे."

"सर, इंजेक्शन घेतलंय तुम्ही."

"हो."

"चेष्टा नाही हं ही. साखर खाली जाईल."

"जाईल."

मी चिडले. खरंच चिडले. सत्तरी गाठलेला माणूस, आणि हा असला हट्ट. "हौसाबाई," मी म्हटलं, "यांनी टोचून घेतलंय. आता यांच्या पोटात काही गेलं नाही तर हे चक्कर येऊन पडतील इथे."

हौसाबाईंनी सरांकडे पाहिलं. सर शांत बसले होते. कपाळावर बारीक घाम आला होता, तो उकाड्याचा होता का कशाचा ते मला सांगता येणार नाही.

"खावा की डाक्टर," बाई म्हणाल्या.

सरांचे हात मांडीवरच.

"खावा की ओ. माज्यासाठी कशाला..."

...

तात्यासाहेबांनी उठून आपली खुर्ची बायकोच्या मागे आणून ठेवली. त्यांना कुणी सांगितलं नव्हतं.

बाई बसल्या. खुर्चीच्या कडेला, अर्ध्याच. कौस्तुभनं वाटीत दोन चमचे वरणभात घातला, वर चमचाभर दही. पोराला वाढता येत नव्हतं, निम्मं टेबलावर सांडलं.

बाईंनी पहिला घास घेतला. चावला. डोळे सरांवर.

सरांनी भाकरीचा तुकडा तोंडात टाकला.

"सावकाश," कौस्तुभ म्हणाला. "चावा. घाई नाही."

दुसरा घास. सरांचा दुसरा. बाई थांबल्या की सर थांबायचे. असं ते जेवण चाललं. मी इतकी वर्षं पेशंट झोपवलेत, उठवलेत, पण त्या वाटीतल्या भातानं मला जे रडू आलं ते मी खोकल्यात घालवलं.

वाटी संपली. बाईंना घाम आला नाही. धडधडलं नाही.

"झालं?" बाईंनी विचारलं.

"आत्तापुरतं," कौस्तुभ म्हणाला. "दोन तासांनी पुन्हा." मग तो तात्यासाहेबांकडे वळला आणि अडखळला. काय सांगायचं ते त्याला कळलं होतं, कसं सांगायचं ते नव्हतं. "घरी... असं करा. यांनी खाल्ल्याशिवाय घरात कुणी घास उचलायचा नाही. तुम्ही नाही, पोरं नाहीत."

"आणि आई?" तात्यासाहेबांनी विचारलं. "म्हातारीला काय सांगू? सासू उपाशी आन् सून ताटावर... तिला न्हाई पटायचं."

हे कौस्तुभला मुंबईत शिकवलेलं नव्हतं.

मग तो म्हणाला, "मी येतो. रविवारी. त्यांना मी सांगतो."

सर भाकरी चावत होते. त्यांनी वर पाहिलंसुद्धा नाही.

गेला तो. खरंच गेला, गाडी काढून, कच्च्या रस्त्यानं. म्हातारीशी काय बोलला ते त्यानं सांगितलं नाही. पण तात्यासाहेब पुढच्या खेपेला म्हणाले, आता म्हातारीच हाक मारते, "सूनबाई, खाऊन घे बाई, मला भूक लागलीया."

वजन आधी उतरायचं थांबलं. मग अंगाला लागायला लागलं. केमो पुन्हा सुरू झाली, पुरी झाली. आम्ही कुणी पोट उघडलं नाही. वर्षानं केलेला स्कॅन स्वच्छ आला, तेव्हा कौस्तुभ तो आमच्या सगळ्यांच्या टेबलांवरून मिरवून आला. मिरवू दे म्हटलं, त्याचा हक्कच होता.

त्या दिवशी हौसाबाई तपासणीला आल्या त्या हिरव्या लुगड्यात. खोलीत शिरल्या आणि नवऱ्याच्या आधी खुर्चीत बसल्या. टेकून.

थोड्या वेळानं कौस्तुभ सरांच्या खोलीत आला. मीही तिथेच बसले होते. चेहरा चिंतेचा.

"सर, हौसाबाई तक्रार करतायत."

"काय म्हणतात?"

"भूकच लागत नाही म्हणतात. अजिबात. घड्याळाकडे बघून खावं लागतं, त्याचा कंटाळा येतो, पूर्वीसारखी भूक हवी म्हणतात. चांगली दहा मिनिटं भांडल्या माझ्याशी."

सर ऐकत होते.

"आता जठर काढल्यावर भूक कळत नाही, हे तर होतंच पुष्कळांना. म्हणजे हे ऑपरेशन झाल्यापासूनच असणार." कौस्तुभनं डोकं खाजवलं. "पण मग वर्षभर एका शब्दानं बोलल्या का नाहीत?"

सरांनी चष्मा काढला, पण पुसला नाही. हातात धरून बसले. इतकं खूश मी त्यांना फार कमी वेळा पाहिलंय.

"वर्षभर कसलं घेऊन बसलास, कौस्तुभ? बाई लग्न होऊन त्या घरात आल्यापासून बोलल्या नव्हत्या."