नगाईच्या कुरणाला विळा का लागत नाही

बसा, आधी मोज्यातली कुसळं काढा. सगळी निघायची नाहीत, निम्मी घरापर्यंत येतील. हे समोर पसरलंय ते नगाईचं कुरण. तीनशे एकर, आणि गवत खांद्याला लागतं. याला पिढ्यान्पिढ्या विळा लागला नाही, असं सांगतात. का लागला नाही ते मी सांगतो, पण आधीच कबूल करतो, गोष्टीत गोंधळ आहे. तो माझा नव्हे, मुळातलाच आहे.

फार मागं नगाई नावाची धनगराची सून इथं गवत कापायला आली, म्हणे. कडेवर चार महिन्यांची लेक. कोणी म्हणतात रांगती होती. मग तर आणखीच घोळ, म्हणून आपण चार महिन्यांचीच धरू. ऊन होतं, म्हणून तिनं पोरीला दाट गवतात धडप्यावर निजवलं आणि ओढ्यावरून घागर भरून आणायला गेली. परत येऊन बघते तर चहूकडं सारखंच गवत. कुठून आत शिरलो तेच तिला कळेना. वारा सुटलेला, त्यात पोरीचं रडणंही ऐकू येईना.

गाव गोळा झालं. शोधशोध शोधलं. दिवस कलला, आणि तेव्हा या माळावर लांडगे होते. नगाईनं माळाला हात जोडले. म्हणाली, "माझी लेक दे. जिथं सापडेल त्या जागेला विळा लागणार नाही, गुराचं तोंड लागणार नाही."

तेवढ्यात एका ठिकाणी तणमोर पक्षी गवताच्या वर उडाला. पुन्हा उडाला, पुन्हा तिथंच. पावसाळा सरल्यावर तणमोर अशा उड्या मारत नाही, असं इथं पाखरं बघायला येणारे आमचे मास्तर सांगतात. नसेल मारत. त्या दिवशी मारल्या. नगाई धावली आणि लेक छातीशी धरूनच बाहेर आली.

आता आमच्या लोकांचा शहाणपणा बघा. आनंदात सगळं गाव नाचत घरी गेलं, आणि त्या जागेवर कोणी साधा धोंडा ठेवला नाही! दुसऱ्या दिवशी नगाई शेंदूर घेऊन आली, तर जागा सापडेना. पाच जणांनी पाच जागा दाखवल्या आणि भांडणं जुंपली. पाटील म्हणाला, कुठंही धोंडा मांड, देवाला भाव कळतो. नगाई ऐकेना. तिचं म्हणणं, धोंडा चुकला तर खऱ्या जागेवर विळा पडेल. झालं, त्या साली सगळंच कुरण राखलं.

मग दुष्काळ पडला. गुरांच्या बरगड्या मोजून घ्याव्यात अशी गत, आणि इथं गवत उभं. लोक नगाईच्या दारात आले. तुझी लेक तुला मिळाली, आमची गुरं का मारतेस, म्हणाले. त्यांचं काही चुकलं नाही. मीही तेच म्हणालो असतो. तीन दिवस लोक नगाईच्या दारात येत राहिले. तिच्या स्वतःच्या दोन गाई दावणीला आडव्या पडलेल्या. चौथ्या दिवशी ती कुरणाच्या कडेला येऊन उभी राहिली.

"कापा," म्हणाली. "मी अडवत नाही. फक्त पहिला विळा घालणाऱ्यानं आपल्या लेकराच्या डोक्यावर हात ठेवून म्हणावं, ती जागा ही नव्हे."

सगळ्यात मोठ्यानं ओरडणारा पुढं आला, कडेवर पोर घेऊन. हात उचलला, पण डोक्यावर टेकवेना. लोक गुरं घेऊन डोंगराकडं पाल्यावर गेले. पुष्कळ गुरं मेली. नगाईच्या दोन्ही गाई गेल्या. गाय मोठी की शब्द मोठा, मला अजून उमगलेलं नाही. उगाच कशाला खोटं सांगू?

थोड्या वर्षांमागं एक साहेब नकाशा घेऊन आले. इथं गोदामं व्हायची होती. म्हणाले, नेमकी जागा दाखवा, तेवढ्या गुंठ्याला कुंपण घालू, देऊळही बांधून देऊ. आम्ही रीत सांगितली. साहेब हसले. "एवढंच ना?" म्हणाले. त्यांची सहा-सात वर्षांची लेक जीपमध्ये होती, तिला त्यांनी बोलावलं. हात वर नेला. पोरीनं मान वर करून विचारलं, "काय झालं, बाबा?"

साहेबांनी तिच्या केसांतली रिबीन नीट केली आणि तिला जीपकडं घेऊन गेले. वर त्यांनी काय लिहून कळवलं, देव जाणे. गोदामं आली नाहीत. दोन वर्षांनी अभयारण्याची पाटी लागली, मागून मास्तर आले, दुर्बिणी आल्या, शाळांच्या सहली सुरू झाल्या.

आजही पोरं येतात आणि हटकून विचारतात, आजोबा, नेमकी जागा कुठली? मी म्हणतो, बाळांनो, मला ठाऊक नाही, कोणालाच ठाऊक नाही. ती गोंधळून पायाखाली बघतात. मग कोणी न सांगता जपून पाऊल टाकायला लागतात, सगळीकडंच.