चौदावी रांग

"मधली टाकी रिकामी आहे, मास्तर. रिकाम्या टाकीत जळणार काय?"

शर्वरी खानझोडे ओरडूनच विचारत होती. नागपूरचा मे महिना, दुपारचे दोन, विमानतळाचं तापलेलं काँक्रीट. ऊन डोक्यावर होतं आणि राग डोक्यात.

मेश्राम मास्तर विमानाच्या पोटाखाली उकिडवे बसले होते.

रागावण्यासारखं घडलंच होतं. विमान आतून गार ठेवणारं यंत्र विमानाच्या पोटातच असतं. शर्वरीनं ते सकाळपासून चालू ठेवलं होतं. मास्तरांनी तिला न विचारता बंद करून टाकलं. मास्तर निवृत्त मेकॅनिक, नव्या लोकांना शिकवण्यापुरते ठेवलेले. सहीचा अधिकार शर्वरीचा. तिच्या सहीशिवाय विमान हलत नाही, आणि ही गोष्ट ती कुणाला विसरू देत नसे.

त्यातून आज तिची आई पहिल्यांदा विमानात बसणार होती. मांडीवर कुरडयांचा डबा घेऊन ती इमारतीत कधीची वाट बघत होती. धक्के कमी लागतात म्हणून लेकीनं तिला पंखांजवळची जागा स्वतः निवडून दिली होती. चौदावी रांग. आईनं आत पाऊल टाकताच तिला गार वाटावं, एवढ्यासाठी यंत्र चार तास धडधडत होतं.

"विमान आधीच तासभर लेट आहे. एकशे साठ माणसं खोळंबलीत. मॅनेजर मला फाडून खातायत. आणि तुम्ही..."

"बाहेरची गाडी काऊन नाही जोडली?"

बाहेरची गाडी म्हणजे थंड हवेची. तिचा जाड पाइप विमानाला लावला की पोटातलं यंत्र बंद ठेवता येतं. मास्तरांच्या वेळी उन्हाळ्यात ती जोडल्याशिवाय कुणी पुढचं काम करत नसे. हल्ली ती पार तिकडच्या टोकाला धूळ खात उभी असते. ओढून आणायला वीस मिनिटं लागतात, आणि तेवढी वीस मिनिटं आपल्या लोकांकडे कधीच नसतात!

"काल नाही जोडली. परवा नाही जोडली. काय झालं?"

मास्तर गुडघ्यांवर हात टेकत उठले.

"इंधनाचं तापमान किती, मॅडम?"

एरवी ते तिला पोरी म्हणत. मॅडम म्हणाले, की समजावं, म्हातारा खवळलाय.

"छत्तीस. नियमात बसतं. मी स्वतः काटा बघून सही केलीय." तिनं सह्यांची वही त्यांच्यापुढे धरली.

मास्तरांनी वहीकडे पाहिलंसुद्धा नाही. तिचं मनगट पकडलं आणि तळहात विमानाच्या पोटाला टेकवला. बरोबर मधल्या टाकीच्या खाली.

"आई गं!" तिनं हात मागे ओढला.

"हे छत्तीस हाये?"

ती तळहातावर फुंकर मारू लागली.

"तुहा काटा कुठं बसवला हाये?"

शर्वरीच्या लायसन्सच्या परीक्षेत हाच प्रश्न आला होता. तिला पैकीच्या पैकी मार्क मिळाले होते.

"डाव्या पंखात."

"आन् टाकी?"

"मधे, पोटात. यंत्राच्या... तापणाऱ्या यंत्राच्या अगदी वर."

"किती वेळ शेकली?"

"चार तास."

"भरली असती तं एवढ्यात तापली नसती. तळाले काय उरलं?"

"थोडं. उपसता येत नाही तेवढं..." तिनं वर टाकीकडे पाहिलं. "त्याची वाफ झाली असेल. टाकीभर."

वर टाकीतून कुठेतरी जुन्या वायरी गेल्या होत्या, आणि ठिणगीला काही मुहूर्त लागत नाही.

तिच्या खांद्यावरचा वॉकीटॉकी खरखरला. गेटवरचा माणूस विचारत होता, "मॅडम, प्रवासी सोडू का?"

"एकही माणूस सोडू नका."

"अहो, साहेब भडकलेत."

"भडकू दे! थंड हवेची गाडी पाठवा. जमिनीखालच्या टाकीतलं गार इंधन मधल्या टाकीत भरायचंय, त्याचीही गाडी पाठवा. पोट गार होईपर्यंत विमान जाणार नाही."

तिनं वही उघडली आणि आपल्या सहीवर आडवी रेघ मारली. पेन इतकं दाबलं की कागद फाटला. नियमाप्रमाणे रेघेशेजारी वेळ लिहिली. तळहात लालबुंद झाला होता.

मग ती तिथेच चाकाला टेकून उभी राहिली.

"मास्तर, आई बसली असती हो. बरोबर याच्यावर. आणि जागा मी निवडली होती..."

तिचे डोळे भरून आले. मास्तर आता जवळ घेतील, पोरी म्हणतील, असं तिला वाटलं असावं.

मास्तर तिच्या हातातल्या वहीकडे बघत होते. त्यांनी ती घेतली, एक पान मागे उलटलं आणि कालच्या सहीवर बोट ठेवलं.

"कालच्या चौदाव्या रांगेत कोनाचीच माय नव्हती का, मॅडम?"