कॉफी कुणी वाळवली?

उंच डोंगराच्या उतारावर एक गाव होतं आणि त्या गावात घरोघरी कॉफीची झाडं होती. तिथे तानी नावाची एक बाई राहायची. लाल फळं खुडायची, साल काढून बिया धुवायच्या, उन्हात वाळवायच्या, सगळं तीच करायची. नवरा पोती गाडीत घालून बाजारात न्यायचा, म्हणून लोक शेतकरी म्हणायचे ते त्याला.

एका वर्षी बाजारातल्या मोठ्या व्यापाऱ्याने विचारलं, "कॉफी फार छान वाळवलीये. कुणी वाळवली?"

"मी," नवरा बोलून गेला.

व्यापारी खूश झाला. म्हणाला, आठ दिवसांनी गावात येतो, वाळलेली बी सगळ्यांसमोर ओळखून दाखव. जमलं तर अख्ख्या गावाची कॉफी मीच घेईन.

नवरा तोंड पाडून घरी आला. तानीला रागही आला आणि हसूही. पण गावाची कॉफी पडून राहायला नको, म्हणून तिने शिकवायला घेतलं. बी दाताखाली धरायची. ओली असली तर दात रुततो, वाळली असली तर कट् वाजते.

त्याने धरून पाहिली. त्याला दोन्ही सारख्याच लागल्या.

"तंबाखूने दाढा खाल्ल्या तुमच्या," तानी म्हणाली. "त्यांना काय कळणार, कपाळ?"

आठव्या दिवशी पारावर सारा गाव जमला. व्यापाऱ्याने कॉफीच्या बियांची दोन सुपं पुढे ठेवली, एक वाळलेल्या, एक ओलसर. नवऱ्याने एकेक बी दाताखाली धरली, पण दोन्ही सारख्याच लागल्या. अंदाजाने बोट ठेवावं, तर चुकल्यावर सगळ्यांचंच नुकसान. त्याने मागे बायकांत उभ्या असलेल्या तानीकडे पाहिलं आणि हात आवरला.

"शेठ, मी खोटं बोललो. कॉफी हिच्या हातची. मी नुसती पोती वाहतो."

पारावर खसखस पिकली. तानी मात्र पुढे झाली. दोन्ही सुपांतली एकेक बी तिने दाताखाली धरली.

"ही डावीकडची अजून दोन दिवस उन्हात हवी. आज भरली तर बुरशी धरेल."

"बरोबर," व्यापारी म्हणाला. "आता शेतकरी म्हणून तुमचंच नाव लिहितो."

"लिहा. आणि भाव ठरवतानाही मला बोलवा. बाकीच्या घरांतही वाळवतात त्या बायकाच, त्यांनाही बोलवा."

व्यापारी कबूल झाला. सगळ्या बायकांची नावं लिहून होईस्तोवर दुपार झाली. नवरा खुशीत व्यापाऱ्याच्या गाडीत वाळलेल्या कॉफीची पोती चढवत होता. कुणी चिडवलंच, तर सांगायचा, "शेतकरीणबाईंचा हमाल आहे मी. जरा वाट सोडा."

मुलांनो, तात्पर्य एवढंच: काम जिच्या हातचं आहे, त्याचा मान आणि मोलही तिच्याच हातात द्यावं.