कोपऱ्यातली खाट

एका नगरीत धुंडिराज नावाचे एक वैद्य होते. त्यांचा दवाखाना मोठा, हाताला यश, आणि त्या यशाचा थोडा ताठाही. त्यांना कमीपणा आणणारी एकच खाट होती, कोपऱ्यातली, अगदी शेवटची. तिच्यावरच्या रुग्णाची जखम चिघळायचीच. कुणाचा हात गेला, कुणी जिवानिशी गेलं. वैद्यबुवांनी खाट बदलून पाहिली, दिशा बदलली, वर लिंबू-मिरची टांगली. शेवटी ते म्हणू लागले, जागाच वाईट, तिथे माझा काय इलाज?

सध्या त्या खाटेवर म्हादू कोष्टी होता. खिळा लागलेला त्याचा पाय सुजून निळा पडला होता आणि दोन दिवसांत तो कापायचं ठरलं होतं. माग हातांइतकाच पायांनी चालतो. पाय गेला की म्हादूचा माग बंद, आणि घरची चूलही बंद.

अशात राजाचा निरोप आला, की शेजारच्या नगरीतल्या वैद्य आवडाबाई उद्या दवाखाना तपासायला येतील. धुंडिराजांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. माझ्या दवाखान्यात परक्याने काय म्हणून डोकवायचं? तरी त्यांनी अंगण सारवून घेतलं, चादरी पालटल्या आणि तोंडावर हसू आणून ते दारात उभे राहिले.

आवडाबाईंनी अंगणाकडे पाहिलंसुद्धा नाही. रोजचं काम रोजच्यासारखं चालू द्या म्हणाल्या आणि थेट म्हादूच्या उशाशी जाऊन बसल्या.

धुंडिराज नेहमीप्रमाणे निघाले. घंगाळात कडुनिंबाचं उकळलेलं पाणी. दाराजवळच्या रुग्णापासून सुरुवात. फडकं बुडवायचं, जखम पुसायची, फडकं त्याच पाण्यात पिळायचं, पुढच्याकडे जायचं. गुरूंनी असंच शिकवलं होतं. म्हादूपाशी पोचून त्यांनी फडकं उचललं, तोच आवडाबाईंनी त्यांचा हात धरला.

"वैद्यबुवा, या पाण्याने आधी तुम्ही तोंड धुवा. मग याचा पाय धुवा."

धुंडिराजांनी घंगाळात पाहिलं. पाणी गढूळ, तांबूस झालं होतं. रोज असंच होत असणार, पण त्यांना ते आज दिसलं. त्यांची ओंजळ पाण्यापर्यंत गेली आणि तिथेच थांबली. सगळ्या दवाखान्याची घाण ते रोज या एका खाटेवर आणून ओतत होते, आणि वर दोष खाटेला देत होते. नाचता येईना, अंगण वाकडं, त्यातलीच गत. इथे दगावलेल्यांचे चेहरे त्यांना एकेक करून आठवले. शरमेने त्यांची मान वर होईना.

म्हादूला त्यांची दया आली. तो म्हणाला, "असू द्या, वैद्यबुवा. जागाच वाईट. तुमचा काय दोष?"

धरणीने पोटात घ्यावं, असं धुंडिराजांना झालं. ते उठले आणि त्यांनी स्वतः घंगाळ बाहेर नेऊन ओतलं. त्या दिवसापासून ज्याचं त्याला वेगळं पाणी, वेगळं फडकं. पाय कापणं तूर्त थांबवलं. सूज उतरू लागेपर्यंत आवडाबाई थांबल्या, आणि म्हादूचा पाय वाचला.

त्या निघाल्या तेव्हा धुंडिराज वेशीपर्यंत सोबत गेले. निरोप घेताना त्यांनी हात जोडले.

"बाई, पुन्हा या. आणि येताना कळवू नका."

तात्पर्य: रोजच्या डोळ्यांना आपली चूक दिसत नाही, ती परक्या डोळ्यांना दिसते. ज्याच्या हाती दुसऱ्याचा जीव आहे, त्याने तपासणीचा राग धरू नये. लाज वाटली तर वाटू द्यावी, पण चूक सुधारावी.