पहारीचा आवाज

फार मागं, अवजारांना वाचा होती तेव्हाची ही गोष्ट. डोंगरावरच्या झऱ्यापर्यंत वाट पाडायचं गावानं ठरवलं, आणि गोदाजी लोहाराच्या पडवीत अवजारांचा एकच गलका उडाला.

गोदाजी प्रत्येक नवं अवजार ऐरणीवर आपटून आवाज ऐके. खणखणीत वाजलं तर कामाला, बद्द वाजलं तर पुन्हा भट्टीत. नवं घमेलं म्हणालं, "मला कशाला वाजवता मामा? मी तर न वाजवताच बोंबलतं!" सगळी खो खो हसली.

जुन्यांना मात्र तो तपासत नसे. त्यांत पहार सगळ्यांची थोरली.

"आक्काला काय वाजवायचं! चल आक्का, मोठा खडक तुझ्यावरच उचलायचाय," गोदाजी म्हणाला.

पहार हरखली. पण आपल्या अंगात बारीक चीर गेलीय, हे तिला एकटीलाच ठाऊक होतं. खडक तोलताना आपण मोडलो, तर खाली माणसं असतील. आणि सांगितलं, तर आपलं आजचं जाणं हुकेल.

"गोदाजी, मलाही वाजव," ती म्हणाली.

आवाज बद्द आला. गोदाजीनं तिला निखाऱ्यांत सरकवलं.

तेवढ्यात कोपऱ्यातली म्हातारी कुदळ खाकरली. "गोदाजी, माझा दांडा जरा हलतो रे. बघतोस का?"

"आणि माझं टोक!" टिकाव ओरडला. बघता बघता सगळ्या थोरल्यांनी ऐरणीपुढं झुंबड उडवली.

"आरं, वाट उद्या पाडू!" म्हणत गोदाजीनं भात्याला असा जोर लावला, की पहार लालेलाल होऊन हसली.